पोस्टरवरची पांढरी बट

१

दुकान सताड उघडं होतं, दिवा चालू होता, आणि इस्त्री एका कोटाच्या अस्तरावर तशीच राहून अस्तर जाळून खालच्या टेबलापर्यंत पोचली होती. शिंपीणबाई तेवढी कुठे नव्हती.

जळका वास पहिल्यांदा शेजारच्या औषधवाल्याला आला. त्याने येऊन इस्त्री बंद केली, दोन हाका मारल्या, ट्रायल रूमचा पडदा सारून पाहिला, मागचं दार लोटून बोळात डोकावून आला, आणि मग उंबऱ्यावर उभं राहून अख्खी गल्ली गोळा केली. गल्लीला तेवढंच हवं असतं. फौजदारबाई हवालदाराला घेऊन पोचल्या तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जे जे हाताळू नये ते सगळं हाताळून झालं होतं.

फौजदारबाईंना हे दुकान नवीन नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी इथेच कोट शिवून घेतला होता. शिंपीणबाई फक्त बायकांचे कोट शिवायची आणि बोलायची कमी. तोंडात टाचण्या धरल्यावर माणूस किती बोलणार?

मशीनच्या सुईखाली अर्धी जोडलेली बाही. टेबलाच्या कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला फोन. आणि भिंतीवरच्या खिळ्याला तिची मोठी कात्री. त्या कात्रीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या कात्रीने कागद कापलेला तिला खपायचा नाही, धार जाते म्हणून. दुसरी कात्री तिच्या हातात बसायचीच नाही.

"ही बघा कात्री," औषधवाला म्हणाला. "मॅडम, ही बाई चार दिवस बहिणीकडे गेली तरी कात्री पिशवीत घालून न्यायची. कात्री इथे आणि ती नाही, म्हणजे स्वतःच्या पायाने गेलेली नाही. लिहून घ्या."

फौजदारबाईंनी खरंच लिहून घेतलं. मुद्दा बिनतोड होता.

तेवढ्यात नवरा आला. फ्रीज दुरुस्त करायचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्याला फ्रीजवालाच म्हणायची. गर्दीने त्याला वाट करून दिली. त्याने जळका कोट पाहिला, रिकामी खुर्ची पाहिली आणि विचारलं, "इस्त्री बंद कोणी केली?"

बस्स. बायको कुठे, हे नाही विचारलं. इस्त्री बंद कोणी केली, हे विचारलं. गल्लीने ते वाक्य झेललं आणि दिवेलागणीपर्यंत घरोघर पोचवलं.

२

पहिली चौकशी नवऱ्याचीच झाली.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"दुपारी. जेवायला आलो होतो दुकानात."

"काही बोलणं झालं?"

"काही नाही."

"भांडण?"

"म्हटलं ना मॅडम, काही नाही." हे तो स्वतःच्या बुटांकडे बघून म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा समोरच्यालाच लाज वाटते. फौजदारबाईंना तशी वाटली.

मग धाकटी बहीण. ही शाळेत शिकवायची, गावाच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहायची. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"ताईचं वर्णन सांगा."

"उंची माझ्याएवढीच. बारीक. आणि ही इथे पांढरी बट आहे, लहानपणापासून. लाखात ओळखू येईल." तिच्या डाव्या हातात रुमाल होता. उजव्या हाताने तिने स्वतःचे उजव्या कानावरचे केस चिमटीत धरून दाखवले. "भावोजींना विचारा तुम्ही. त्यांनाच विचारा. दोन महिने धड बोलत नव्हते तिच्याशी."

"का?"

"लोकांचं ऐकून."

लोक काय म्हणत होते ते फौजदारबाईंना हवालदाराने आधीच सांगितलं होतं. दुकानाचे घरमालक, विधुर माणूस, रोज दुपारी शिंपीणबाईच्या दुकानात जाऊन बसायचे. गल्लीने त्यावरून जे जुळवायचं ते जुळवलं होतं.

घरमालक खुर्चीच्या टोकावर बसले.

"काका, रोज दुपारी तिथे काय काम असायचं?"

"होतं काहीतरी."

"काय?"

"मॅडम, वाईट काही नव्हतं. एवढंच सांगतो." म्हाताऱ्याचे कान लाल झाले आणि तो उठूनच गेला.

राहता राहिला औषधवाला. त्याला बोलवावं लागलं नाही. तो शोध समिती स्थापन करूनच आला होता. "फोटो मी मिळवलाय नवऱ्याकडून. तिने नवा हिरवा कोट घातलाय त्यात. जरा कापून साफ केला. उद्या सकाळी गावभर पोस्टर. मॅडम, काळजीच करू नका, आता गाव शोधेल तिला."

आणि गाव खरंच कामाला लागलं.

३

पोस्टर छान झालं होतं. हिरवा कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, गंभीर चेहरा, आणि डाव्या कानावरून मागे गेलेली पांढरी बट. खाली ठळक अक्षरांत, 'हिला पाहिलंत का?'

असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? स्टेशनवरच्या चहावाल्याने पाहिलं. नदीकाठच्या धोब्याने पाहिलं. लग्न ठरत नसलेल्या एका गृहस्थाने दोन वेगवेगळ्या गावांत पाहिलं. पोलीस ठाण्याच्या बाकावर साक्षीदारांची रांग लागली. हिरवा कोट होता? होता. बट कुठे होती? डावीकडे, मॅडम, डाव्या बाजूला, स्पष्ट दिसली.

सगळ्यांत वेगळा एकच निघाला, डोंगराकडच्या बसचा कंडक्टर. "कोट नव्हता," तो म्हणाला. "साधे कपडे. खिडकीपाशी बसून सारखी डोळे पुसत होती. सुट्टे द्यायला गेलो तर हात पुढे करायचं भान नाही. चढावाच्या थांब्यावर उतरली, वसतिगृह आहे तिथे. बट उजवीकडे होती."

"डावीकडे म्हणायचंय तुम्हाला."

"उजवीकडे, मॅडम. मी तिच्या उजव्या हाताला उभा होतो, म्हणून तर दिसली."

फौजदारबाईंनी मान डोलावली, आभार मानले, आणि तो गेल्यावर त्याच्या जबाबाच्या कडेला 'वर्णन जुळत नाही' असं लिहून कागद खाली सरकवला. वर धोब्याचा ठेवला. धोबी बटेच्या बाजूबद्दल ठाम होता.

नदीत गळ टाकले. काही निघालं नाही. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जुने फ्रीज आहेत, मोठमोठे, आणि त्यातले काही बंद असतात. औषधवाल्याच्या ग्रुपवर हे सकाळी पडलं आणि दुपारी वर्कशॉपसमोर जमाव उभा राहिला. फौजदारबाईंना सगळ्यांसमोर एकेक फ्रीज तपासावा लागला. फ्रीजवाला स्वतः दारं उघडून देत होता. एका फ्रीजमध्ये त्याचाच डबा निघाला, तेव्हा मागे कोणीतरी हसलं.

संध्याकाळी चौकात मेणबत्त्या घेऊन सभा भरली. धाकट्या बहिणीच्या हातात माइक दिला. "माझ्या ताईला न्याय द्या," एवढंच ती म्हणाली आणि कोसळली. मोठमोठी माणसं ढसाढसा रडली. आपण इतके हळवे आहोत हे गल्लीला त्या दिवशी नव्याने कळलं आणि फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या शटरवर काळ्या रंगात 'खुनी' लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. फ्रीजवाल्याने ते पुसलं नाही. तो शटर अर्धं उघडून आत बसून राहायचा. दुरुस्तीला कोणी काही आणत नव्हतं. वाण्याने त्याला पीठ द्यायला नकार दिला आणि ते चारचौघांत सांगितलं.

एका दुपारी तो ठाण्यात आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. फौजदारबाईंसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी मारलं तिला."

४

गल्लीने सुटकेचा श्वास टाकला. औषधवाल्याने पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

फौजदारबाईंना मात्र श्वास टाकता येईना. "कसं मारलंत?"

"मारलं, एवढं खरं."

"कशाने?"

त्याने शर्टाचं एक बटण सोडलं आणि परत चुकीच्याच काजात घातलं.

"प्रेत कुठे आहे?"

"तुम्हीच शोधताय ना ते?" तो इतक्या खऱ्या आशेने म्हणाला की हवालदाराने तोंड फिरवलं.

मग त्याने सांगितलं. त्या दुपारी भांडण झालं होतं. घरमालकावरूनच. तो म्हणाला होता, "तू मेलीस तरी मला फरक पडणार नाही." तिने इस्त्री तशीच ठेवली होती आणि त्याच्याकडे पाहिलं होतं. तो तरातरा निघून गेला होता.

"हा खून नव्हे," फौजदारबाई म्हणाल्या.

"मग काय आहे?" त्याने विचारलं.

कबुली दिलेल्या माणसाला सोडताही येत नव्हतं. बाहेर दगड घेऊन माणसं उभी होती. त्याला कोठडीत बसवून फौजदारबाई एकट्याच शिंपीणबाईच्या दुकानात गेल्या. दुकानाला कुलूप होतं. एक किल्ली ठाण्यात होती, दुसरी धाकट्या बहिणीकडे, कारण गिऱ्हाइकांचे शिवून झालेले कोट परत द्यायचं काम तिने अंगावर घेतलं होतं.

आत इस्त्रीच्या डागाचा वास अजून रेंगाळत होता. फौजदारबाई टेबलापाशी उभ्या राहिल्या, मशीनला हात लावला, भिंतीकडे पाहिलं आणि थबकल्या.

खिळा रिकामा होता. कात्री गेली होती.

५

आठवण म्हणून नेली असेल बहिणीने. असू शकतं. पण आठवण म्हणून माणूस फोटो नेतो, साडी नेतो. दीड वीत लांबीची जड कात्री कोण उराशी धरून बसतं? ती कात्री फक्त एका बाईच्या हातात बसायची, आणि जिला तिची गरज पडली असेल ती एकच बाई होती.

मेलेल्या माणसाला कात्री लागत नाही. पण मग जिवंत बाई धोब्याला, चहावाल्याला आणि सगळ्या गावाला मिळून का सापडू नये?

गिऱ्हाइकांनी अजून न नेलेले काही कोट दांडीवर लटकत होते. शेजारी भिंतीवर पोस्टर चिकटवलं होतं. फौजदारबाई उगाचच एकदा कोटांकडे, एकदा पोस्टरकडे बघत राहिल्या. काहीतरी खुपत होतं आणि ते काय ते कळत नव्हतं. मग त्यांनी दांडीवरच्या पहिल्या कोटाची बटणं लावून पाहिली. दुसऱ्याची लावली. सगळ्या कोटांची उजवी बाजू डावीवर येत होती, बायकांच्या कोटाची येते तशी. पोस्टरवरच्या कोटाची डावी बाजू उजवीवर होती. पुरुषांच्या कोटासारखी.

जन्मभर बायकांचे कोट शिवणारी बाई स्वतःसाठी पुरुषी कोट शिवेल? तोही चुकून?

फौजदारबाई ट्रायल रूमच्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. अंगात तिनेच शिवलेला कोट होता. त्यांनी त्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि वर पाहिलं. आरशातल्या फौजदारबाईंच्या अंगात पुरुषी कोट होता.

त्या धावतच ठाण्यात आल्या. कोठडीचे गज धरून त्यांनी विचारलं, "तो फोटो कोणी काढला?"

"तिनेच," फ्रीजवाला म्हणाला. "आरशापुढे उभी राहून, फोनवर. नवा कोट कसा दिसतो ते मला पाठवायला. मी बघितला नव्हता तेव्हा. नंतर बघितला, ती गेल्यावर. फोटोत तिच्या हातात फोन दिसतो. पोस्टरवर तो काढून टाकलाय त्यांनी."

"त्यांची बट कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे."

"पोस्टर आठवू नका. बायकोला आठवा."

त्याने डोळे मिटले. इतकी वर्षं रोज समोर बसून जेवलेला माणूस. त्याचा हात वर गेला, डाव्या कानाशी घुटमळला, उजव्याकडे गेला, परत खाली आला. "मला नाही आठवत, मॅडम," तो म्हणाला आणि भिंतीला डोकं टेकून रडू लागला.

फौजदारबाईंना त्याला धीर देता येईना. मापं घेताना तीच बाई त्यांच्यासमोर वीतभर अंतरावर उभी राहिली होती, खांद्यापाशी वाकली होती, आणि त्यांनाही आठवत नव्हतं. एकालाच ती बाजू ठाऊक होती, तेही बसमध्ये सुट्टे देताना पाहून. त्याचा जबाब त्यांनी स्वतःच्या हाताने खाली सरकवला होता.

आणखी एकीला ठाऊक होती. डाव्या हातात रुमाल धरून, पहिल्याच दिवशी, तिने न विचारता दाखवली होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारबाईंनी तिघांना दुकानात बोलावलं. घरमालक मशीनपाशी बसले, औषधवाला टेबलाला टेकून उभा राहिला, धाकटी बहीण दारातच थांबली. बाहेर गल्ली होतीच, काचेला नाक लावून.

"एकच प्रश्न," फौजदारबाई म्हणाल्या. "शिंपीणबाईंची बट कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," औषधवाला हसला. "शेंबडं पोरगंही सांगेल."

"डावीकडे," घरमालक पोस्टरकडे बघून म्हणाले.

धाकट्या बहिणीने आधी त्या दोघांकडे पाहिलं. "डावीकडे," ती म्हणाली.

"हे दोघं चुकतायत," फौजदारबाई म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलताय."

मग त्यांनी आरशाचं सांगितलं, बटणांचं सांगितलं. औषधवाल्याने वळून पोस्टर पाहिलं, दांडीवरचा कोट पाहिला, आणि त्याच्या तोंडचा रंग उतरला. "म्हणजे डावीकडे पाहिली म्हणणाऱ्यांनी..." त्याने सुरुवात केली.

"त्यांनी तुमचं पोस्टर पाहिलं. आणि ज्यांनी खरंच तिला पाहिलं, त्यांना आम्ही चुकीचं ठरवलं. मी ठरवलं." फौजदारबाई बहिणीकडे वळल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही मला उजवीकडचे केस धरून दाखवलेत. दुसऱ्या दिवशी पोस्टर लागलं. ते चूक आहे हे तुम्हाला बघताक्षणी कळलं असणार. तुम्ही बोलला नाहीत. ते छातीशी धरून चौकात उभ्या राहिलात. आणि या दुकानाची किल्ली तुमच्याकडे होती. कात्री कुठे आहे?"

बहिणीने दाराची चौकट घट्ट धरली.

"चढावाच्या थांब्यावर वसतिगृह आहे," फौजदारबाई हळू म्हणाल्या. "मी अजून तिथे गेलेले नाही. तुम्ही सांगा, मग जाते. जिवंत आहे ना ती?"

"आहे," बहीण म्हणाली, आणि खाली बसली. "मुलींचे गणवेश शिवते तिथे. त्यांना शिवणारी बाई हवी होती, ते मीच तिला सांगितलं. त्या दुपारी ताई माझ्याकडे आली, मागच्या बोळातून, पायात चपलासुद्धा धड नव्हत्या. म्हणाली, कुणाला सांगू नकोस, मला थोडे दिवस दे. मी म्हटलं, राहू दे. भावोजींनाही जरा झुरू दे. खरंच दोन-चार दिवसच, मॅडम! मग हे पोस्टर लागलं, आणि मला वाटलं, बरंच झालं, आता तिला कोणी ओळखणार नाही. मग माझ्या हातात माइक दिला. मी रडले ते काही खोटं नव्हतं, मला भीतीच वाटत होती. एवढी माणसं माझ्यासाठी रडत होती. त्यांना उठून काय सांगू, ती कपडे शिवत बसलीय म्हणून?"

"आणि तिला काय सांगत होतात?"

बहिणीचा आवाज बारीक झाला. "भावोजी मजेत आहेत म्हणून. शोधतसुद्धा नाहीत म्हणून. नाहीतर ती धावत आली असती."

"त्यांनी काल खुनाची कबुली दिली, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"रात्रभर झोपले नाही मी."

"तेही झोपले नाहीत."

मग घरमालकच चाचरत म्हणाले, "मॅडम, मलाही सांगायचंय. मी दुपारी इथे यायचो ते आमच्या हिच्या कोटांसाठी. ती गेल्यावर सून म्हणाली, सगळे देऊन टाका. मी दिले म्हणून सांगितलं आणि लपवून ठेवले. शिंपीणबाई ते उसवून नातीच्या मापाचे करून देत होती. मी फक्त बसून बघायचो. बाई माझ्यामुळे बदनाम होतेय ते मला दिसत होतं. पण सुनेशी खोटं बोललो ते उघडं पडेल म्हणून तोंड शिवून बसलो. एवढ्याशा लाजेसाठी." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

बाहेर काचेपलीकडे बातमी पोचली होती. जिवंत आहे! पण आनंद काही केल्या फुटेना. गल्ली चक्क हिरमुसली. इतक्या मेणबत्त्या, इतके अश्रू, आणि बाई गणवेश शिवतेय? कोणाला तरी फसवल्यासारखं वाटलं, कोणी म्हणालं, निदान कळवायचं तरी.

औषधवाला सगळ्यांत आधी सावरला. "पण मॅडम," त्याने आवाज खाली आणून विचारलं, "इतके दिवस ती तिथे एकटीच होती का?"

फौजदारबाईंनी भिंतीवरचं पोस्टर ओढून काढलं, त्याच्या हातात दिलं आणि त्याला दाराबाहेर काढलं. एरवी त्या कधी कुणाला ढकलत नसत.

७

फ्रीजवाल्याला जीपमध्ये बसवेपर्यंत फौजदारबाईंनी सगळं सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "नक्की तीच आहे ना?" वाटेत त्याने शर्टाची बटणं सोडून नीट लावली.

वसतिगृहाच्या वॉर्डनबाई कडक इस्त्रीच्या, शिस्तीच्या होत्या. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर तेच पोस्टर होतं.

"हे बघून तुम्हाला शंका नाही आली?" फौजदारबाईंनी विचारलं.

"आली की. मी दोघींना नीट ताडून पाहिलं. नावही वेगळं सांगितलं होतं तिने, पण नावाचं काय, मी चेहरा बघते. या बाईची बट डावीकडे, हिची उजवीकडे. उगाच एखादीला पोलिसांत कशाला ओढायचं? तिला दाखवलंसुद्धा नाही मी, घाबरेल म्हणून." वॉर्डनबाईंचा चेहरा पडला. "माझं चुकलं का?"

"नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "तुम्ही निदान नीट पाहिलंत."

शिवणाची खोली वरच्या मजल्यावर होती. लांबूनच मशीनचा आवाज येत होता. फौजदारबाई पुढे झाल्या आणि तिला आधी स्वतःच सगळं सांगितलं: शोध, नदी, फ्रीज, शटर, धाकटी बहीण, कबुली. शिंपीणबाईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पालथ्या मुठीत धरून ठेवल्या. बहिणीचं ऐकताना ती मध्ये एकदाच म्हणाली, "मला म्हणाली, ते शोधतही नाहीत."

फ्रीजवाला दारात येऊन उभा राहिला. आत यायचं धाडस त्याला होईना.

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. "किती वाळलात," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"मी मेले नव्हते. तुम्ही मारलं नव्हतं. मग कबूल का केलंत?"

"सगळे म्हणत होते," तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता. "सकाळ-संध्याकाळ, दारात येऊन, फोनवर. वाणी म्हणत होता. शाळेतली पोरं म्हणत होती. इतके लोक म्हणतायत म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं, की केलं असेल मी काहीतरी."

"माझ्याबद्दलही सगळे म्हणत होते," शिंपीणबाई म्हणाली. "तेव्हाही तुम्हाला वाटायला लागलं."

त्याची नजर पुन्हा स्वतःच्या बुटांकडे गेली. फौजदारबाई मागे सरल्या आणि जिन्याकडे वळल्या. खालून मुलींच्या जेवणाच्या ताटांचा आवाज येत होता. खोलीत मशीन पुन्हा सुरू झालं नाही, पण आत या, असंही ती म्हणाली नाही.